वाचलंत, की बोललात?

दर महिन्याला एक नाटक निवडायचं, पाच-सहा वाचक जमवायचे आणि त्यांना खुर्च्यांवर बसवून ते नाटक लोकांपुढे वाचून घ्यायचं, हे माझं निवृत्तीनंतरचं काम. एक महिना जळगावला, एक महिना धुळ्याला. त्याआधीची सगळी नोकरी वाचनालयात गेली. तिथे लोक पुस्तक मागायचे आणि मी काढून द्यायचे. आता कोणी मागत नसताना नाटक काढून द्यावं लागतं, एवढाच काय तो फरक.

"नुसतं वाचायचं? मग ते नाटक कसलं?" असं विचारणारा एक जण प्रत्येक कार्यक्रमात असतो. त्याला मी पुढच्या खुर्चीत बसवते. वाचनासाठी नाटक निवडणं हे रंगमंचासाठी निवडण्यापेक्षा अवघड आहे, हे त्याला तासाभरात कळतं. धावपळ, मारामारी, वेषांतर असलेली नाटकं आधीच बाद होतात. पात्रं सहाच्या वर नकोत, कारण सातवा वाचक ऐन वेळी कुणाच्या तरी साखरपुड्याला निघून जातो. निम्मी नाटकं बाजारात मिळत नाहीत. मिळाली तर लेखकाच्या वारसांची परवानगी काढायची, आणि वारसांना आपल्या आजोबांनी नाटक लिहिलं होतं हेच माहीत नसतं. शिवाय कंसातली वाक्यं कोणी वाचायची, हा प्रश्न असतो. 'तो खिडकीकडे जातो', 'ती हसते', 'दोघेही गप्प' वगैरे. आमच्याकडे ती मी वाचते.

गेल्या वर्षी आमच्या व्हॉट्सॅप गटावर विचारलं, वर्षभर एकच विषय घेऊ, कोणता घ्यावा? 'प्रेम' हे उत्तर इतक्या जणांनी दिलं की मी निर्धास्त झाले. मराठीत प्रेमावरच्या नाटकांना काय तोटा! कपाटं उघडली, एकेक नाटक काढून वाचायला बसले आणि हादरले. जी मी आयुष्यभर प्रेमाची नाटकं म्हणून वाचकांच्या हातात दिली होती, ती नाटकं प्रेमाची नव्हतीच. ती लग्नाची होती. प्रेमावर त्यांत आई बोलत होती, मामा बोलत होता, घरगडीसुद्धा बोलत होता. ज्यांचं प्रेम, ती दोघं मात्र तिसऱ्या अंकात हार घालून उभी. त्यांनी एकमेकांना काय सांगितलं, हे बहुतेक सगळं कंसात.

जळगावचं सभागृह आम्हाला कांतिलालजी देतात. मूळचं राजस्थानातलं घराणं, कापडाचं मोठं दुकान, दुकानाच्या वर सभागृह. विषय ऐकून ते म्हणाले, "प्रेम ठेवा मॅडम, जरूर ठेवा. फक्त ते कंसातलं जरा बघून वाचा. खाली आमचे दादाजी बसतात."

पहिल्याच महिन्यात दुसरा धक्का. लोक अजून आठवण काढतात असं एक विनोदी नाटक मी निवडलं होतं. त्यात नायक नायिकेच्या थोबाडीत मारतो आणि तिथून ती त्याच्या प्रेमात पडते. नायिकेचं काम अश्विनी वाचत होती. ही धुळ्याच्या कॉलेजात शिकवणारी, शांत स्वभावाची मुलगी. त्या जागेवर आली आणि थांबली. "मॅडम, पुढचं वाक्य मी वाचणार नाही." म्हणाली आणि पुस्तक मिटलं. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अहो, विनोद आहे तो!" तिने त्या दिशेला पाहून विचारलं, "कोणासाठी?" मग चहा लवकर घ्यावा लागला.

धुळ्याला एक आबा नेमाने येतात. सगळी नाटकं पुण्या-मुंबईचीच का, असा त्यांनी वेगळाच बाण मारला. "ताई, ह्या बठ्ठा नाटके पुना-मुंबईना शेतस. आमना गावमा कोनी प्रेम करतच नही का?" करत असतील आबा, पण लिहून ठेवत नाहीत, असं काहीतरी म्हणाले. आपल्या गावात प्रेम कसं करतात हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. ते दाखवणारी दोन माणसं त्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याहून आली होती.

वामनभाऊ आणि इंदूअक्का. साठी उलटलेलं जोडपं. भाऊंच्या केळीच्या बागा, सावद्यात मोठं घर. तरुणपणी दोघंही गावच्या हौशी नाटकांत काम करायची. भाऊंचा आवाज भरदार. अक्कांचा आवाज बारीक, पण त्या वाक्य टाकायच्या ते नेमकं जाऊन बसायचं. पुढच्या महिन्यात जळगावला मी त्यांना एका नवरा-बायकोच्या प्रवेशात घेतलं. नाटकातला नवरा दूरच्या गावाहून परत येतो आणि बायकोला विचारतो, तू इतके दिवस कशी राहिलीस? एवढं विचारताना भाऊंचा आवाज असा ओला झाला की मीच पुढचा कंस वाचायला विसरले. अक्कांनी मान वर न करता उत्तराचं वाक्य वाचलं. सभागृहात लोक डोळे पुसत होते. कांतिलालजींनी तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "याला म्हणतात जोडी!"

पुढचे दोन-तीन महिने हीच दोघं आमची प्रमुख जोडी होती. भाऊंचा मला आठवड्यातून एकदा फोन यायचा. "मॅडम, पुढचं नाटक ठरलं का? तिला वाक्यं किती आहेत?" स्वतःच्या वाक्यांबद्दल कधी विचारलं नाही. "तिला जरा जास्त द्या," एवढंच. मला त्या माणसाचं कौतुक वाटायचं. स्वतःपेक्षा बायकोला मोठं काम मिळावं म्हणून धडपडणारा नट मी तोवर पाहिला नव्हता.

एकदा जळगावला वाचन संपल्यावर मी चहाचा कप इंदूअक्कांच्या हातात दिला आणि सहज म्हणाले, "घरी छान सराव करता वाटतं तुम्ही दोघं!"

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "घरी? घरी आम्ही बोलत नाही."

"म्हणजे सराव करत नाही?"

"बोलतच नाही. आमच्या वर्षाच्या लग्नापासून."

मला आधी वाटलं, त्या थट्टा करताहेत. मग एकेक गोष्ट डोळ्यांपुढे यायला लागली. बसने येताना दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसतात. पान उलटायचं राहिलं तर अक्का भाऊंना सांगत नाहीत, मला सांगतात. भाऊ चहा घेणार की नाही, हे मी विचारायचं असतं. मी इतके महिने या दोघांमध्ये उभी होते आणि मला काही दिसलं नव्हतं.

वर्षा त्यांची एकुलती एक मुलगी. तिने धुळ्याच्या एका मुलाशी लग्न केलं. संदीप नाव, बँकेत अधिकारी, बौद्ध कुटुंबातला. मुलात काही खोट नव्हती, हे भाऊही मान्य करत. पण जातीबाहेर नाही, या एका गोष्टीवर ते अडून बसले. लग्नानंतर वर्षा नवऱ्याला घेऊन सावद्याला आली, तेव्हा भाऊंनी तिला ओट्यावरूनच परत पाठवलं. "त्या दिवशी ती गेली आणि मी तोंड मिटलं," अक्का सांगत होत्या. "स्वयंपाक करते, वाढते, कपडे काढून ठेवते. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगते. 'विजेचा माणूस आला होता' म्हणते आणि आत जाते. ते ऐकतात."

"आणि इथे नाटकात..."

"इथे मी नाही ना बोलत. ती बाई बोलते."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. लोक ज्याला प्रेमाचा अभिनय समजून डोळे पुसत होते, ते या दोघांचं महिन्यातून एकदाचं बोलणं होतं. 'तिला वाक्यं जास्त द्या' याचा अर्थ मला आत्ता कळला. त्या माणसाला बायकोचा आवाज ऐकायचा होता.

यापेक्षाही मोठा धक्का अक्कांनी शेवटी दिला. "आमचंही नाटकाच्या तालमीतच जमलं होतं. यांनी घरी सांगितलं, करीन तर हिच्याशीच. दोन्ही घरं लगेच तयार झाली. जात एकच ना! आमच्या प्रेमाला कोणी काही विचारलंच नाही. म्हणून यांना ठाऊकच नाही, विचारलं की काय होतं ते." मग माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "मॅडम, एक नाटक शोधा. त्यात बापाने लेकीला घरात घेतलं पाहिजे. बापाचं काम यांना द्या."

आता हे कामाच्या नियमात बसणारं नव्हतं. नाटक सगळ्या श्रोत्यांसाठी निवडायचं असतं, एका घरासाठी नाही. पण मी शोधायला लागले. मराठी नाटकातला चिडलेला बाप काय काय करतो, याचा मी त्या महिन्यात चांगलाच अभ्यास केला. तो छातीला हात लावून खाली बसतो. किंवा थेट नातू मांडीवर आल्यावर विरघळतो. किंवा मरतो आणि मग सगळे म्हणतात, मनातून त्यांनी माफ केलं होतं. शुद्धीवर असलेला, ठणठणीत बाप स्वतःच्या तोंडाने लेकीला 'ये' म्हणतोय, असं नाटक सापडेना. शेवटी एक मिळालं. लेखकाने स्वतःच छापलेलं, कोणाला फारसं माहीत नसलेलं. एका आडगावच्या स्टेशन मास्तरचं घर, मनाविरुद्ध लग्न केलेली मुलगी, मध्ये उभी आई. शेवटी बाप म्हणतो, "आत ये. बाहेर का उभी?" आणि पडदा. वाक्य इतकं साधं की मी ते एकदा मोठ्याने वाचून पाहिलं.

तो महिना धुळ्याचा होता. भाऊंना संहिता पाठवली. त्यांचा नेहमीचा फोन आला नाही. कार्यक्रमाला येतील की नाही, ही धास्ती मला रविवारी दुपारपर्यंत होती. आले. पांढरा स्वच्छ सदरा, हातात संहिता, समासात पेन्सिलीच्या खुणा. आईचं काम अक्कांकडे, मुलीचं अश्विनीकडे.

भाऊंनी त्या दिवशी जसं वाचलं तसं ते पुन्हा कधी वाचतील असं वाटत नाही. मास्तरचा ताठा, मुलीचं नाव निघालं की त्याचं उगीच वेळापत्रक काढून बसणं, सगळं त्यांनी नुसत्या आवाजातून उभं केलं. शेवटचा प्रवेश आला. मी कंस वाचला, 'मुलगी दारात उभी'. अश्विनीने वाचलं, "बाबा, मी आले." भाऊ थांबले. मग वाचलं, "आत ये. बाहेर का उभी?"

नाटक इथे संपतं. मला फक्त 'पडदा' म्हणायचं होतं. पण इंदूअक्कांनी संहिता मांडीवर ठेवली, भाऊंकडे वळल्या आणि सरळ विचारलं,

"हे तुम्ही वाचलंत, की बोललात?"

भाऊंनी घाईने पान उलटलं. हे वाक्य आपल्या प्रतीतून गाळलं गेलंय असं वाटलं असावं. पुढचं पान कोरं होतं. त्यांनी चष्मा काढला, मान वर केली आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेकडे त्यांची नजर गेली ती तिथेच थांबली. मीही तिकडे पाहिलं. निळ्या ड्रेसमधली एक तरुण बाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. मी वर्षाला कधी पाहिलेलं नव्हतं, पण नाक आणि कपाळ भाऊंचंच होतं, ओळख करून द्यायची गरज नव्हती. अक्कांनी तिला बोलावलं होतं, आणि मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

म्हटलं, आता हा माणूस उठणार. हात पुढे करणार.

भाऊ म्हणाले, "वाचलं."

वर्षा उठली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. अक्कांनी पर्स उचलली, व्यासपीठाच्या दोन पायऱ्या सावकाश उतरल्या आणि खुर्च्यांमधून तिच्या मागे गेल्या. इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून एकच शब्द निघाला, "पडदा."

आणि टाळ्या! लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सगळ्यांना वाटलं, नाटकाचा शेवटच असा आहे. आबा पुढे येऊन म्हणाले, "ताई, आज खरं नाटक आनलं तुमीन." कांतिलालजी खास जळगावहून आले होते. ते म्हणाले, "हाच शेवट आमच्याकडे पण करा." अश्विनी तेवढी माझ्याकडे बघत होती, पांढरीफटक. तिला कळलं होतं. टाळ्यांचा मला इतका राग त्याआधी कधी आला नव्हता.

भाऊ खुर्चीवरच बसून होते. संहितेची घडी घालत होते, उलगडत होते. म्हणाले, "मॅडम, जळगावची बस किती वाजता?" आम्ही एकाच बसने निघालो. पारोळा मागे पडलं. एरंडोलच्या अलीकडे आपणहून म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं, ती येणार ते?"

"नाही भाऊ."

"तिथे 'बोललो' म्हटलं असतं तर सगळं गोड झालं असतं. पण ते खोटं झालं असतं. अजून जमत नाही मला. आणि हिला माझं खोटं लगेच कळतं." मग बाहेर बघत, "इतक्या वर्षांनी तिने मला काहीतरी विचारलं, मॅडम. भिंतीला नाही, मला. त्याला खोटं उत्तर कसं देऊ?"

मला या माणसाचा संताप यायला हवा होता, आणि आलाही होता. मुलगी समोर बसलेली असताना ज्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही, त्याच्या खरेपणाचं काय करायचं? पण त्याने दिलेलं उत्तर मला खोडताही येईना.

इंदूअक्का सावद्याला परत गेल्या नाहीत. वर्षाकडेच राहिल्या. मी पुढच्या महिन्यासाठी घाबरून एक निरुपद्रवी नाटक काढलं, चुकामूक झालेल्या चिठ्ठ्यांचं. ते इतकं पडलं की अश्विनीच म्हणाली, "मॅडम, आता असलं नको." माझ्या मनाला एकच खात होतं. माझ्या निवडीमुळे एक संसार मोडला. महिनाभर अक्कांना फोन करायचं धाडस झालं नाही. शेवटी त्यांचाच आला.

"कशा आहात अक्का?"

"घसा बसलाय," त्या म्हणाल्या. "रोज भांडण चाललंय ना."

"कोणाशी? वर्षाशी?"

"तिच्याशी कशाला भांडू? यांच्याशी. रोज फोन करतात. मी काय काय सुनावते, तेही सुनावतात. मागचं सगळं निघतं. मग मी ठेवून देते. दुसऱ्या दिवशी परत करतात." आणि हे सांगताना अक्कांचा आवाज इतका ताजातवाना होता की मी फोन कानापासून दूर धरून तो त्यांचाच आहे ना, हे पडद्यावर पाहिलं.

त्यानंतर मी नाटकांची निवड घाबरून करणं सोडलं. पुढच्या महिन्यात धुळ्याला अक्का आल्या आणि वाचायला बसल्या. भाऊ आले नाहीत. मी विचारलंही नाही.

कार्यक्रम आटोपून मी धुळ्याच्या स्टँडवर आले, अजून चांगलं ऊन होतं. जळगाव बस लागली होती. चढणार, तोच उपाहारगृहाच्या बाहेरच्या बाकाकडून ओळखीचा आवाज आला. वामनभाऊ आणि इंदूअक्का. आधी सभागृहातून निघालेल्या अक्का इथे आल्या होत्या आणि भाऊ सावद्याहून. बाकावर दोन चहा निवलेले, आणि दोघं अशी भांडत होती की सामान घेऊन चाललेले लोक पाय थांबवून ऐकत होते. नाटकातली शुद्ध भाषा गेली होती, घरची बोली सुटली होती.

"तुम्हाले लेक पाह्यजे का जात, ते सांगा मले!"

"मंग तू काहून निंघून आली? मले काई इचारलं?"

"तुम्ही तिले इचारलं व्हतं?"

कंडक्टरने घंटी मारली. भाऊंनी बसकडे पाहिलंसुद्धा नाही. मीही चढले नाही. खांबाआड उभी राहिले, हे चांगलं नाही हे कळत असूनही.

स्टँडच्या तोंडाशी एक स्कूटर उभी होती. वर्षा. आईला घरी न्यायला आली होती. गाडीवरून उतरली नव्हती, हेल्मेटही काढलं नव्हतं. भाऊंना ती केव्हा दिसली कोणास ठाऊक. त्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. अक्काही वळल्या. मग भाऊंनी मान खाली घातली, समोरच्या कपातली साय बोटाने बाजूला केली आणि बायकोला म्हणाले,

"तिले इचार, चहा घेईन का."

अक्का जागच्या हलल्या नाहीत. "मी नई इचारत. इतक्या वर्सात खूप निरोप पोचवले मी. तुम्हीच इचारा."

भाऊ बसून राहिले. एक बस आत आली, धूळ उडाली, माणसं उतरली. मला वाटलं, आता हा उठून त्याच बसमध्ये बसणार. ते उठले. बसला वळसा घालून स्टँडच्या तोंडाशी गेले आणि स्कूटरपासून चार हातांवर थांबले. त्यांनी काय म्हटलं ते मला गर्दीत ऐकू आलं नाही. वर्षाने हेल्मेटची काच वर केली. मग हेल्मेट काढलं. आणि तिचं बोलणं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं, कारण ती रडत-रडत जवळजवळ ओरडलीच,

"साखर कमी सांगा, बाबा."